समारंभातील गप्पा : सुरुवात, दुसरा प्रश्न आणि निरोप

मंडळाच्या कार्यक्रमाला का येत नाही, असे कुणाला विचारले तर वेळ नाही हे पहिले कारण मिळते. थोडे थांबून पुन्हा विचारले तर खरे कारण कळते : "येऊन तिथे कुणाशी काय बोलायचं?" हा प्रश्न कॉलेजात जाणारी मुले विचारतात, लग्न होऊन इंदूरला आलेल्या सुना विचारतात आणि जोडीदार गेल्यानंतर एकट्याने बाहेर पडण्याची सवय नसलेले ज्येष्ठही विचारतात. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्याशी बोलायला हवे अशा आपल्या सर्वांसाठी, ही माहिती एकत्र केली आहे. उदाहरणे इंदूरची आहेत. बडोदे, ग्वाल्हेर, बेळगाव किंवा हैदराबादच्या वाचकांनी त्या जागी आपापल्या गावची उदाहरणे घालावीत.

हलक्या गप्पा कशासाठी?

विचारपूस, वास्तपुस्त, ख्यालीखुशाली, चार शब्द बोलणे असे पुष्कळ शब्द आपल्याकडे यासाठी आहेत. "जेवलात का?", "आज ऊन फार आहे नाही?", "केव्हा आलात?" या प्रश्नांमधून नवी माहिती फारशी मिळत नाही. म्हणून काहींना असे बोलणे निरर्थक वाटते. पोलंडमध्ये जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की यांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात या प्रकारच्या बोलण्याचा स्वतंत्र विचार केला. त्यांच्या मते अशा बोलण्याचे काम माहिती पोचवणे हे नसून माणसांत नाते निर्माण करणे हे आहे. आपल्या आजीला हे निबंध न वाचताच ठाऊक होते.

बँकेच्या काउंटरवर हे रोज दिसे. निवृत्तिवेतन घेणारे काही ज्येष्ठ आठवड्यातून दोनदा पासबुक भरून घ्यायला येत. मधल्या काळात खात्यात एकही नोंद झालेली नसे. त्यांना शिल्लक पाहायची नसून दोन शब्द बोलायचे आहेत, हे नव्या कारकुनालाही महिन्याभरात समजे.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी समाजात या गप्पांना आणखी एक काम असते. इंदूरला १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्य संमेलने झाली. आपल्याला त्यांचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण शाळा, दुकान, दवाखाना, कचेरी सगळीकडे हिंदी बोलणाऱ्या मुलाला मराठी ऐकू येते ती घरात, आणि घरातली वाक्येही ठरावीक असतात : जेवायला चल, चार्जर कुठे आहे, किती वाजता येशील. घराबाहेरच्या माणसाशी मराठीत पाच मिनिटे बोलण्याची जागा त्याला बहुधा मंडळातच मिळते. तिथे त्याच्याशी कुणी बोललेच नाही, किंवा बोलून त्याला गप्प बसवले, तर ती जागाही जाते.

सुरुवात कशी करावी

१. आधी आपली ओळख द्यावी. "ओळखलंस का मला? सांग बघू मी कोण!" हा प्रश्न प्रेमाने विचारला जातो, पण समोरच्याची ती परीक्षाच होते. उत्तर आले नाही तर दोघेही अवघडतात. त्यापेक्षा "मी रामबागेतला, तुझ्या आजोबांच्या शेजारी राहायचो" असे सांगितले की नाव आणि नाते दोन्ही कळते, आणि पुढे बोलायला आजोबा हा विषयही मिळतो.

२. समोर जे आहे त्यावरून सुरुवात करावी. कार्यक्रम, रांगोळी, मखर, पंगतीतला पदार्थ, बसायची जागा. "मखर यंदा कुणी केलं, ठाऊक आहे का?" एवढे पुरे होते. पहिल्या वाक्यात चतुराई नसली तरी चालते.

३. मूळ गाव विचारावे, पण तिथेच थांबू नये. "आपण मूळचे कुठले?" हा मराठी माणसाचा हक्काचा प्रश्न आहे, आणि आडनावातल्या "कर"मुळे अर्धे उत्तर आधीच मिळते. मात्र चार-पाच पिढ्या माळव्यात गेलेल्या अनेकांना मूळ गाव नावापुरतेच माहीत असते. त्यांना "इथे आधी कुठल्या भागात राहत होतात?" हे विचारले तर जास्त बोलता येते. जुना वाडा, शाळा, गल्लीतला गणपती हे सारे त्यात येते.

४. मराठी न बोलणाऱ्या घरातून आलेली सून किंवा जावई असेल तर सुरुवात त्यांच्या भाषेत करण्यात कमीपणा नाही. दोन वाक्ये हिंदीत आणि एक सोपे मराठीत, असे बोलत राहिले की तिसऱ्या-चौथ्या भेटीत उत्तर मराठीत येऊ लागते.

दुसरा प्रश्न

बहुतेक गप्पा पहिल्या प्रश्नावर नव्हे, पहिल्या उत्तरानंतर तुटतात. नमुना पाहा :

"काय करतोस सध्या?"
"नोकरी. पुण्याला."
"छान, छान."

"छान, छान" म्हटले की खाते बंद. आता हाच संवाद दुसऱ्या प्रश्नासह :

"पुण्याला कुठे राहतोस?"
"हिंजवडीजवळ. तिघं मित्र मिळून राहतो."
"मग स्वयंपाक कोण करतं?"
"सकाळी मावशी येतात. रविवारचे पोहे मात्र मीच करतो, बाकीच्यांना जमत नाहीत."
"जिरावन इथूनच नेतोस की काय?"
"आई पाठवते ना! मागच्या वेळी तर सेवेचा अख्खा डबा मित्रांनी एका दिवसात संपवला."

इथे विचारणाऱ्याने काही विशेष केलेले नाही. प्रत्येक उत्तरातला एक शब्द उचलला आणि त्यावरच पुढचे विचारले. उत्तरात बहुधा असा एखादा शब्द जास्तीचा असतो. "तब्येत कशी आहे?" याला "बरी आहे" आणि "आता बरी आहे" ही दोन वेगळी उत्तरे आहेत. दुसऱ्यात "आता" हा शब्द सांगतो की मध्ये काहीतरी होऊन गेले. "मध्ये काही त्रास झाला होता का?" असे हळूच विचारणारा माणूस त्या दिवशी त्यांना भेटलेला कदाचित पहिलाच असेल.

अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की जास्त प्रश्न विचारणारी माणसे समोरच्याला अधिक आवडतात, आणि त्यातही आधीच्या उत्तराला धरून विचारलेल्या प्रश्नांचा वाटा मोठा असतो. कारण उघड आहे. असा प्रश्न विचारायला आधीचे उत्तर नीट ऐकावे लागते, आणि आपले कुणी ऐकले हे माणसाला लगेच कळते.

यात दोन पथ्ये पाळावीत. पहिले, ज्याचे उत्तर हो किंवा नाही असे येईल त्यापेक्षा "कसं", "कधीपासून", "कुणाबरोबर" असे प्रश्न बरे. दुसरे, सलग प्रश्नच विचारू नयेत. तीन प्रश्नांनंतरही आपण स्वतःचे काही सांगितले नाही तर ती मुलाखत होते, आणि कर्जाच्या अर्जावरची चौकशी वाटू लागते. दोन प्रश्नांमागे आपले एखादे वाक्य असावे : "आमच्याकडेही पोहे रविवारीच होतात, पण नातीला बडीशेप घातलेले लागतात." आणि ज्याला प्रश्न विचारला गेला त्यानेही उत्तर देऊन थांबू नये. "तुमचं काय?" हे दोन शब्द परत दिले की देवाणघेवाण सुरू राहते.

विषय कुठून आणावेत

विषय सुचत नाही ही तक्रार नेहमीची आहे. इंदूरच्या माणसाला तरी ती करायचे कारण नाही.

• ऋतू आणि सण. संक्रांतीला तिळगूळ, हलव्याचे दागिने आणि गराडू. रंगपंचमीला राजवाड्यावरची गेर. चैत्रात गौरीचे हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हे. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या. "तुमच्या लहानपणी झांकी बघायला कुठे उभे राहायचात?" या प्रश्नावर साठीच्या पुढचा इंदूरकर सहज अर्धा तास बोलतो.

• खाणे. इंदुरी पोहे वाफेवरचे, सेव आणि जिरावन घातलेले. कांदेपोहे फोडणीचे, वर ओले खोबरे. दोन्हींत श्रेष्ठ कोणते, हा वाद सुटला नाही आणि सुटूही नये. ज्या वादात कुणाचे नुकसान होत नाही तो गप्पांना फार उपयोगी.

• क्रिकेट. कर्नल सी. के. नायडूंच्या काळातल्या होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. जून २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने अंतिम सामन्यात मुंबईला हरवले तेव्हा आपल्या अनेक घरांत दोन पक्ष पडले होते, आणि विजयी संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित स्वतः मुंबईचे! "तुम्ही कुणाच्या बाजूने होतात?" हे विचारून पाहावे. राहुल द्रविड यांचा जन्म इंदूरचा, हे बेंगळुरूहून आलेल्या पाहुण्याला सांगण्यातही मौज असते.

• गाणे. लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ साली इंदूरला झाला. कुमार गंधर्व शेजारच्या देवासला राहिले. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेली माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारणे हे आपले कामच आहे.

• मदत किंवा सल्ला मागणे. चांगला शिंपी, लोणच्यासाठी कैरी कुठे मिळते, पुण्याला जायला कोणती गाडी सोयीची. सल्ला द्यायला सर्वांना आवडते, आणि "तुम्ही सांगितलेल्या शिंप्याकडे गेलो होतो" हे पुढच्या भेटीचे पहिले वाक्य तयार होते.

राजकारण, जात, वारसाहक्काचे वाद आणि दुसऱ्याच्या घरातील भांडणे या विषयांवर गप्पा लवकर रंगतात, पण उठताना एक माणूस कमी झालेला असतो.

कोणते प्रश्न टाळावेत, आणि त्याऐवजी काय विचारावे

तरुण मंडळी कार्यक्रमाला येईनाशी होतात त्यात या भागाचा वाटा मोठा आहे. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते. पण एकाच संध्याकाळी तोच प्रश्न सात जणांनी विचारला की सातव्या वेळी आपुलकी दिसत नाही.

"किती टक्के पडले?" याऐवजी : "कोणता विषय आवडतो? शिकवतात कसे?"

"लाडू कधी देतेस?" याऐवजी : "सध्या कशात रमली आहेस?" लग्न ठरले असेल तर ती स्वतःच सांगेल.

"गोड बातमी केव्हा?" याऐवजी काहीच नको. या प्रश्नामागे एखाद्या घरात किती दवाखाने आणि किती रडणे झाले असेल, ते आपल्याला दिसत नाही.

"पॅकेज किती?" याऐवजी : "कामाचं स्वरूप काय असतं? मला समजेल असं सांग." समजावून सांगताना मुले खुलतात. मराठी शब्दांसाठी अडतात, आणि मग ते शब्द शोधतातही.

"केवढी वाळलीस!", "किती सुटलास!" याऐवजी : "बऱ्याच दिवसांनी भेटलो, बरं वाटलं."

"मुलगा अमेरिकेला गेला, आता तुम्ही दोघंच का?" याऐवजी : "तिकडची काय खबरबात? फोन कुठल्या वेळी येतो?"

मुलांची मराठी आणि आपली दुरुस्ती

एक मुलगी हौसेने सांगते : "आजी, मला नाटक खूप चांगलं लागलं." आजी म्हणते : "चांगलं लागलं नाही गं, आवडलं म्हणावं." आजीचे म्हणणे बरोबर आहे. हिंदीतले "अच्छा लगा" जसेच्या तसे मराठीत आले आहे. पण मुलीचे पुढचे वाक्य काय असते? बहुतेक वेळा काहीच नसते. असले तर ते हिंदीत असते, कारण हिंदीत तिला कुणी अडवत नाही.

तेच आजी असे म्हणू शकते : "आवडलं ना! मलाही फार आवडलं. त्यातलं कोण आवडलं तुला?" शुद्ध रूप तीन वेळा कानावर पडले, दुरुस्ती झाली, आणि गप्पाही चालू राहिल्या. लहान मुले बोलायला शिकतात तेव्हा आई हेच करते. मूल "पाणी पायजे" म्हणाले तर "पाणी हवं का बाळाला?" म्हणत ती पेला पुढे करते, व्याकरण शिकवत नाही.

"परीक्षा खतम झाली", "मला त्याची याद आली" अशी वाक्ये आपल्या घरांत ऐकू येतात आणि येतच राहतील. पुण्या-मुंबईचे पाहुणे त्यावर हसतात तेव्हा मुलांच्या बाजूने उभे राहावे. दोनशे-अडीचशे वर्षे हिंदी आणि माळवीच्या शेजारी राहिलेल्या मराठीवर त्या शेजाराची खूण असणारच. चुकत बोलणारे मूल दहा वर्षांनी बरे मराठी बोलेल. गप्प झालेले मूल बोलणार नाही.

शांतता, गोंगाट आणि एकटा बसलेला माणूस

जगातील दहा भाषांचा एकत्र अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी एका सेकंदाचा पाचवा भाग एवढाच वेळ जातो असे दिसले. म्हणून दोन-तीन सेकंदांची शांतताही आपल्याला लांबलचक वाटते आणि आपण घाईने काहीबाही बोलतो. तसे करण्याची गरज नाही. ज्येष्ठांना आणि मराठी शोधत बोलणाऱ्यांना शब्द जुळवायला थोडा वेळ लागतो, तो द्यावा. विषय खरोखर संपला असेल तर आधीच्या बोलण्याकडे परत जावे : "मघाशी तुम्ही वाड्याचं सांगत होतात, तो अजून आहे का?"

ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्याशी कानाजवळ ओरडून बोलू नये. त्यांच्या समोर, चेहऱ्यावर उजेड पडेल असे बसावे, ध्वनिक्षेपकापासून दूर खुर्ची न्यावी आणि वाक्य पुन्हा सांगताना शब्द बदलून सांगावे. "जाऊ दे, काही नाही" असे म्हणू नये. त्याने माणूस एकटा पडतो.

चार जणांचे कोंडाळे रंगले असेल आणि पाचवा बाजूला उभा असेल तर खुर्ची थोडी सरकवून त्याला विषय सांगावा : "या, आम्ही सराफ्यातल्या जुन्या दुकानांबद्दल बोलतोय." नुसते "या, बसा" म्हटल्याने तो बसतो, पण बोलण्यात येत नाही.

दुःखाच्या घरी

समाचाराला जाताना काय बोलायचे या भीतीने अनेकजण जाणेच टाळतात. तिथे फार बोलावे लागत नाही. शेवटच्या दिवसांतील उपचार, खर्च, कुठल्या डॉक्टरचे चुकले, ही चौकशी करू नये. घरच्यांनी ती कथा दिवसभरात अनेकदा सांगितलेली असते. "वय झालंच होतं", "सुटले बिचारे" ही वाक्येही टाळावीत. गेलेल्या माणसाची आपल्याला असलेली एखादी लहानशी आठवण सांगावी : "काका दर गणपतीला पहिली वर्गणी स्वतः आणून द्यायचे." आठवण ऐकताना घरच्यांना रडू आले तरी आपण चुकलो असे समजू नये. नंतर थोडा वेळ गप्प बसावे आणि निघावे. महिन्याभराने, येणारे-जाणारे थांबल्यावर, पुन्हा एकदा जावे. गप्पांची गरज तेव्हा जास्त असते.

निरोप

गप्पा थांबवणे हेही त्या चालू ठेवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की दोघांनाही हवे तेव्हा संभाषण संपले, असे फारच क्वचित घडते. बाकीच्या वेळी एकाला आधी उठायचे असते किंवा एकाला अजून बोलायचे असते, आणि कुणीच सांगत नाही. आपल्याकडे तर उठल्यानंतर दारात आणखी वीस मिनिटे बोलण्याची रीत आहे.

घड्याळाकडे किंवा फोनकडे पाहत राहण्यापेक्षा स्पष्ट पण सौम्यपणे सांगावे. आधी जे बोललो त्यातली एक गोष्ट उचलावी, मग निघण्याचे कारण, मग पुढची भेट : "तुमच्या मुलीच्या परीक्षेचं कळवा हं. मी जरा काकूंना भेटून येतो. हळदीकुंकवाला भेटूच." आणि पुढच्या भेटीत पहिला प्रश्न त्या परीक्षेबद्दलच विचारावा. विसरायला होत असेल तर घरी गेल्यावर डायरीत एक ओळ लिहून ठेवावी : कोण भेटले, काय म्हणाले. हिशेबाच्या वहीपेक्षा ही वही लहान राहते आणि जास्त उपयोगी पडते.

निघताना आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. घरी मुलांना ही रीत सांगावी, आणि पुढच्या कार्यक्रमाला येताना त्यांना सोबत आणावे. तिथे त्यांच्याशी दोन प्रश्न तरी नक्की बोलायचे, एवढे आपल्यापैकी प्रत्येकाने ठरवले तर ती पुन्हा येतील.